खाडीच्या काठी ठेवलेला दगड

नीलाबाई नातीला पायांवर घेऊन आंघोळ घालायच्या तेव्हा त्यांचे हात सगळं बिनचूक करायचे. टाळूवर तेल, मांड्यांच्या वळ्यांत डाळीचं पीठ, पाणी कोपराने तपासून घेणं. हात काहीच विसरले नव्हते. पण तांब्यातून धार सुटली की त्यांचे पाय ताठ व्हायचे. त्या पायांवर पालथी पडलेली दहा महिन्यांची सेजल ते ताठणं पोटानेच ओळखायची आणि सूर लावायची. सुरुवातीला ती पाणी अंगावर पडल्यावर रडायची. मग तांब्या उचलला की रडायला लागली. आणि आता, थंडी सरत आली तेव्हा, नुसती नळाची चावी फिरली तरी तिचा खालचा ओठ बाहेर यायचा.

शेजारणी म्हणायच्या, पोरं रडतातच. नीलाबाईंचा लेक साहिल म्हणायचा, मी पण रडायचो म्हणे. प्रियदर्शिनी टॉवेल घेऊन मोरीच्या दारात उभी असायची आणि तिला दिसायचे ते सासूचे पाय.

त्या पायांनी पूर पाहिला होता. साहिलचं घर तेव्हा महाडात होतं, बाजारपेठेच्या खालच्या अंगाला. प्रियदर्शिनी लग्न होऊन आली ती पुरानंतर, म्हणून तिला पूर माहीत होता तो ऐकून. महाडात पाणी रस्त्यावर आलं की बाया पहिलं काम करतात ते हे, की पाण्याच्या कडेला एक वीट नाहीतर दगड ठेवायचा. दगड कोरडा राहिला तर चहा टाकायचा. दगड बुडाला तर सिलिंडर माळ्यावर. नीलाबाईंनी त्या दिवशीही वीट ठेवली होती. वीट बुडाली, मग पायरी बुडाली, मग उंबरा. शेजारच्या गच्चीवर सगळे मिळून एकच विचारत होते, पाणी उतरतंय का, आणि कुणीतरी फोनवर ऐकून सांगत होतं की समुद्राला भरती आहे, भरती आहे तोवर पाणी उतरायचं नाही. समुद्र नीलाबाईंनी पाहिला होता तो दादरला, चैत्यभूमीच्या गर्दीत लोकांच्या खांद्यांवरून. पण भरती हा शब्द त्यांच्या घरात शिरला तो त्या गच्चीवर, आणि मग गेलाच नाही. पाणी उतरलं, चिखल निघाला, घर धुऊन झालं. साहिलच्या लहानपणीचा एकही फोटो उरला नाही, सगळ्या अल्बमचा लगदा झाला. नीलाबाईंनी घर भाड्याने दिलं आणि लेकाच्या कंपनीजवळ बिरवाडीत बिऱ्हाड केलं, दुसऱ्या मजल्यावर. तिथेही वरची टाकी भरून वाहायला लागली की त्या जिथे असतील तिथून उठून सेजलला उचलायच्या आणि पलंगावर नेऊन बसवायच्या.

सासूची भीती सासूची होती, आणि ती ठेवायचा त्यांना पूर्ण हक्क होता, असं प्रियदर्शिनीला मनापासून वाटायचं. ती सेजलकडे जायला नको होती, एवढंच. आणि ती जात होती. रोज सकाळी, एकेका तांब्याने.

हे कुणाला सांगायचं कसं, ते तिला कळत नव्हतं. सासू वाईट असती तर बोलता आलं असतं. सासू तर सेजलच्या ढेकरावरून तिचं पोट ओळखणारी.

प्रियदर्शिनीचा कॅमेरा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायचा, चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत. तिचं माहेर पोलादपूरच्या वर, उमरठच्या अंगाच्या डोंगरात. कॉलेजात असताना ती त्या डोंगरांतली पाखरं टिपत हिंडायची. लेक झाल्यापासून कॅमेरा बाहेर यायचा तो सेजल झोपली की, आणि खिडकीच्या गजावर येईल ते टिपायचा. शिंजीर आली तर शिंजीर, नाहीतर कावळा. मग एके दिवशी पाखरंवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की सावित्री समुद्राला मिळायच्या आधी जिथे पसरते तिथल्या राखीव कांदळवनात यंदा परदेशी पाखरं खूप उतरली आहेत, शिमग्याच्या आत येऊन बघा, मग निघून जातील. तिने तो फोटो साहिलला दाखवला. फोटोत चिखल होता आणि चिखलावर तीळ सांडावेत तसे ठिपके.

साहिल म्हणाला, नेतो की. रात्रपाळी करून येतो आणि तसाच नेतो, मित्राची गाडी मागतो. मग त्याने विचारलं, आईला काय सांगायचं?

आईला खरंच सांगितलं. प्रियदर्शिनीला वाटलं होतं त्या नको म्हणतील आणि सेजलला घरी ठेवून घेतील. नीलाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं की पाणी आहे का तिथे. आहे, म्हटल्यावर तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "मग मी येणार. पोर पाण्याच्या कडेला जाणार नि मी घरात बसू व्हय?"

तो दिवस पौर्णिमेचा होता. नीलाबाई पहाटेच विहारात जाऊन वंदना करून आल्या होत्या आणि अंगावरची पांढरी साडी तशीच होती. गाडीत त्या मागे बसल्या, सेजलला मांडीवर घेऊन. दासगावला रस्त्याच्या कडेने खाडीचं पाणी दिसायला लागलं तशी त्यांनी मान डोंगराच्या बाजूला वळवली आणि सेजलची मानही हलकेच वळवली. आरशात ते प्रियदर्शिनीला दिसलं. तिला वाटलं, आपण चुकलो की काय.

राखीव रानाच्या तोंडाशी त्यांना रखमा भेटली. खाडीकाठच्या गावातल्या बायांचा एक गट पाहुण्यांना पाखरं दाखवायचं काम करायचा, त्यातली ही. साडीवर हिरवं जाकीट, गळ्यात दुर्बीण, पन्नाशीची असेल. कुठून आलात ते विचारून तिने आधी नियम सांगितले: मोठ्याने बोलायचं नाही, आणि इथून काही न्यायचं नाही, शिंपलासुद्धा. मग तिची नजर नीलाबाईंवर गेली.

"रंगीत कापडाला पाखरं बुजतात, म्हणून आम्ही हे हिरवं घालतो," ती म्हणाली. "पण तुम्ही या. एवढा मोठा बगळा त्यांनी पण पयला नसंल बघितला."

साहिल हसला, नीलाबाई हसल्या नाहीत. साहिल म्हणाला मी जरा पडतो, आणि गाडीची सीट मागे करून तोंडावर रुमाल टाकून झोपलासुद्धा.

तिवरांच्या झाडीतून एक लाकडी पायवाट जात होती. दोन्ही बाजूंना चिखलातून मुळ्या बोटांसारख्या वर आलेल्या, आणि त्या बोटांमधून निवट्या टुणटुण उडत होत्या, मासे असून चिखलावर चालणाऱ्या. सेजल त्यांच्याकडे वाकून वाकून बघायला लागली. पायवाट जिथे संपली तिथे एक दगडी धक्का होता, धक्क्याला लागून बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा, आणि थोडं मागे, उंचवट्यावर, लाकडी मनोरा. आडोशाला फटी ठेवलेल्या होत्या. प्रियदर्शिनीने एका फटीला डोळा लावला आणि कॅमेरा हातात आहे हे ती विसरली.

समोर पार लांबवर चिखल पसरला होता. पण त्याला चिखल म्हणवेना. उन्हाने तो रुप्यासारखा उजळला होता, आणि त्याच्यावर इतकी पाखरं होती की आधी ती पाखरं वाटलीच नाहीत. मग एकेक सुटं व्हायला लागलं. लाल काड्यांवर चालणारे शेकाटे. वाकड्या लांब चोचीने चिखलाच्या पोटात काहीतरी शोधणारे कोरल. आणि त्यांच्या पायांशी, पळताना जमिनीवरून नुसते घरंगळल्यासारखे दिसणारे बारके चिखले, शेकड्यांनी. कुणी कुणाच्या वाटेत नव्हतं. सगळे खाली मान घालून जेवत होते. रखमाने कानाशी येऊन सांगितलं की यातली कितीतरी बर्फाच्या देशातून आली आहेत, तिथे अंडी घालतात आणि जेवायला इथे येतात. प्रियदर्शिनीच्या मनात आलं, आपल्या बिऱ्हाडापासून इतक्या जवळ हे रोज मांडलेलं असतं, आणि आपण रोज गवार निवडत असतो.

तिने फोटो काढले. पण पाखरं लांब होती. फोटोत पुन्हा तीळच आले.

नीलाबाई आडोशात आल्या नव्हत्या. त्या धक्क्याच्या वरच्या अंगाला पाण्याकडे पाठ करून उभ्या होत्या, सेजल कडेवर. मध्येच त्यांनी मागे वळून पाहिलं. धक्क्याच्या खाली चिखलातून एक ओहोळ वाहत होता, पाण्याची एवढीशी पट्टी. त्यांनी ती पट्टी बघितली, आजूबाजूला बघितलं, एक नारळाएवढा दगड उचलला आणि दोन पायऱ्या उतरून पाण्याच्या अगदी कडेला ठेवला. मग मागे आल्या. प्रियदर्शिनीने ते पाहिलं आणि तिला एकदम भरून आलं. कडक ऊन होतं, आभाळात ढगाचं पीस नव्हतं, तरी बाईने दगड ठेवला होता.

थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. मोठा नव्हता, नियम त्यांनी पाळला.

"प्रिया, पाण्याकडं बघ गो. उलटं चाललंय."

प्रियदर्शिनी डोंगरातली. तिच्या माहेरी पाण्याला एकच दिशा होती, खाली. शाळेत भरती-ओहोटीचा धडा तिने पाठ केला होता, त्यावर तिला चांगले गुणही मिळाले असतील. पण तिवराचं एक पिवळं पान ओहोळातून नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरांकडे, कुठलाही वारा नसताना निवांत चाललेलं तिने बघितलं, आणि तिच्या अंगावर काटा आला. पाणी चढत होतं. आवाज नव्हता, लाट नव्हती. नुसतं चिखलाच्या एकेका भेगेत येऊन बसत होतं. दगडाचा खालचा भाग ओला झाला होता.

"रखमाताई," तिने विचारलं, "हे काय?"

रखमाने तिच्याकडे जरा नवलानेच पाहिलं. "भरती लागली," ती म्हणाली.

बाकी काही सांगायची गरज तिला वाटली नाही. तिच्या जन्मापासून पाणी येत होतं आणि जात होतं. दिवस उजाडला हे कुणी पाहुण्यांना सांगतं का? पण तो शब्द नीलाबाईंच्या कानावर पडला आणि पुढचं सगळं फार भराभर झालं.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. महाडातल्या बाया पाण्याला आरडाओरडा करत नाहीत, त्यांना कामं असतात. नीलाबाईंनी पदर खोचला आणि शांत आवाजात हुकूम सोडायला सुरुवात केली. सामान वर. आधी पोरीची पिशवी, मग डबे, मग पाणी प्यायचं, मग बाकीचं. वर म्हणजे मनोऱ्यावर. सेजलला एका हाताने छातीशी धरून त्या स्वतः दोन पिशव्या घेऊन जिना चढल्या, खाली आल्या, रखमाची दुर्बिणींची पत्र्याची पेटी दिसली ती तिच्या हातात दिली. "ही पण. कागद असतील तर ते पदराला बांध." आणि रखमा, जिचा सगळा जन्म या पाण्यावर गेला, ती आपली पेटी घेऊन मनोरा चढली. नंतर ती हसत हसत सांगायची की त्या बाईचा आवाजच तसा होता, मला वाटलं मलाच काय म्हाईत नाय.

साहिलला नीलाबाईंनी फोनवर सांगितलं ते फक्त दोन शब्दांत. "पाणी चढलं." साहिल दचकून उठला, किल्ली फिरवली आणि गाडी मागे घेत घेत वरच्या शाळेच्या पटांगणात नेऊन लावली. मग धावत खाली आला, आडोशातलं प्लास्टिकचं स्टूल उचललं आणि मनोऱ्यावर नेलं. दुसरं स्टूल उचलून परत निघताना कुठे त्याने पहिल्यांदा वर आभाळाकडे पाहिलं. तो स्टूल हातात धरून तसाच उभा राहिला.

"अगो आई," तो म्हणाला, "ऊन हाय."

"त्या दिवशी पण दुपारी उघडलं होतं," नीलाबाई वरून म्हणाल्या. "वर ये आधी."

तो वर गेला. त्या छोट्याशा मनोऱ्यावर आता चार माणसं, एक बाळ, तीन पिशव्या, दोन स्टुलं आणि एक पत्र्याची पेटी होती. रखमाला आता सगळा प्रकार लक्षात आला होता. तिने तोंड उघडलं होतं ते नक्की काहीतरी टोमणा मारायलाच. पण नीलाबाईंचा चेहरा बघून तिने ते मिटलं.

नीलाबाई कठड्याशी उभ्या होत्या. खाली त्यांचा दगड आता अर्ध्यावर बुडाला होता. त्यांचे पाय साडीच्या आत खांबासारखे झाले होते हे प्रियदर्शिनीला न बघताही कळलं, कारण कडेवरच्या सेजलने आजीच्या चेहऱ्याकडे वर पाहिलं आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला. तिने श्वास आत घेतला. तो श्वास प्रियदर्शिनी रोज सकाळी ओळखायची, त्याच्या मागून काय येतं तेही. तिच्या हातात कॅमेरा होता आणि तिला वाटलं, हे मीच केलं. नळाची भीती होती, आता खाडीएवढी करून आणली.

आणि त्याच वेळी पाखरं उठली.

पाणी चढत चढत त्यांच्या जेवणाच्या जागेवर आलं होतं. चिखल आक्रसला तशी ती मागे सरत सरत दाटीवाटीने शेवटच्या एका पट्टीवर जमली होती, आणि त्या पट्टीवरही पाणी आलं. उठली म्हणजे एकेक नाही. सगळी जमीनच उचलली गेल्यासारखी. एक तपकिरी चादर कुणीतरी झटकली आणि ती खाली आलीच नाही. ती लांबवर गेली, दुमडली, आणि वळताना अख्खीच्या अख्खी पांढरी झाली. डोळे मिटून उघडावेत एवढ्यात पुन्हा तपकिरी. हजारो पाखरं, आणि वळायचं कधी हे प्रत्येकाला माहीत. एकही दुसऱ्याला धडकलं नाही. चादर धुरासारखी वर गेली, पाण्यासारखी खाली सांडली, आणि मग तिने तोंड मनोऱ्याकडे केलं.

"हिकडंच येतात," रखमा अगदी हळू म्हणाली. "मागं खाजणात उंचवटा हाय, तिथं बसतात पाणी उतरंपर्यंत. हलू नका."

कुणी हललं नसतंच. ती त्यांच्या डोक्यावरून गेली, इतक्या खालून की पंखांचा वारा तोंडावर लागला. ओरडणं नव्हतं. नुसता पंखांचा आवाज, रेशमी कापडाचं ठाणच्या ठाण एका दमात उलगडावं तसा, आणि तो संपतच नव्हता. ऊन विझून विझून पेटत होतं. सगळ्यांच्या अंगावरून, पिशव्यांवरून, पत्र्याच्या पेटीवरून सावल्या धावत गेल्या. प्रियदर्शिनीचं बोट कॅमेऱ्यावर दाबलेलं होतं, पण ती कॅमेऱ्यातून बघत नव्हती; तोंड वर करून नुसती उभी होती. बर्फाच्या देशापासून ही अशीच आली असतील, तिला वाटलं, कुणी न शिकवता, एकमेकांच्या पंखांचा अंदाज घेत.

मग तिला सेजल आठवली. तो श्वास. त्याच्या मागून रडणं यायचं होतं, ते आलं नव्हतं.

सेजलचं तोंड उघडंच होतं. मान मागे टाकून ती वर बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाखरं सरकत होती. आणि नीलाबाईही तशाच, मान मागे, तोंड उघडं, पदर खांद्यावरून घसरलेला. त्यांचे गुडघे सैल झाले होते. भीतीने होतात तसे नाही. देवळाबाहेर पालखी बघताना बाया एका पायावर भार टाकून स्वतःला विसरून उभ्या राहतात, तसे. शेवटची मागे राहिलेली चारदोन पाखरं घाईघाईने निघून गेली. सेजलने आजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पसरून म्हणाली, "भू."

"भुर्र गेली गो माझी बाय," नीलाबाई म्हणाल्या. "भुर्र गेली."

खाली दगड दिसत नव्हता. आडोशाच्या आत घोट्याएवढं पाणी शिरलं होतं. समोरचा तो सगळा चिखल, ती सगळी जेवणाची पंगत, नाहीशी झाली होती. त्या जागी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत भरलेलं, आभाळाच्या रंगाचं, अगदी निश्चल पाणी होतं. तिवरं कमरेपर्यंत त्यात उभी होती, रोजच्या ओळखीच्या पाण्यात उभी असल्यासारखी.

मग नीलाबाईंनी रखमाला विचारलं, हे पाणी आता कुठे जातं.

"तुमच्याकडंच," रखमा म्हणाली. "पार दासगावच्या वर जाऊन येतं. येतं माघारी."

"रोज?"

"रोज. दिवसातून दोनदा."

"नि कुणाचं काय नेत नाय?"

रखमाने विचार केला. पावसाळ्यात, वरून पूर आलेला असला तर गोष्ट वेगळी, ती म्हणाली. तुमच्या पुराच्या वेळी आमच्याकडे भांडी वाहत आली होती, कुणाकुणाची. पण या भरतीने काय न्यायचं? ती आणतेच. मासे आणते, पाखरांचं खाणं आणते. "आता थांबलंय बघा. ना चढ, ना उतार. आता वळंल."

नीलाबाईंनी त्या थांबलेल्या पाण्याकडे पाहिलं. मग त्यांनी असं काही सांगितलं, जे घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्या गच्चीवरून संध्याकाळ झाली तरी आपल्या पायरीकडे बघत होत्या. बघता बघता अंधार झाला, मग दुसऱ्या दिवशी होडीवाल्यांनी सगळ्यांना तिथून हलवलं, नातेवाइकांकडे नेलं. परत आल्या तेव्हा चिखलच होता. "पाणी उतरताना मी बघितलंच नाय," त्या म्हणाल्या. "चढताना बघितलं. माझ्या डोळ्यांपुढं ते अजून चढतंच हाय."

साहिलने आईकडे पाहिलं आणि मग पायाखालच्या स्टुलाकडे. "मग बसू या," तो म्हणाला. "उतरेपर्यंत बसू."

"तुझी झोप झाली नाही," प्रियदर्शिनी म्हणाली.

"झोपतो की. इथं काय, सगळं सामान हायच."

डबे वर आणलेलेच होते. त्यांनी तिथेच भाकऱ्या आणि सुकटाची चटणी खाल्ली. रखमालाही बसवलं. आता तिने टोमण्यांची सगळी कसर भरून काढली: पाहुणे खूप पाहिले, पण दुर्बिणीची पेटी वाचवणारे हे पहिलेच, पुढच्या वेळी येताना सिलिंडरही घेऊन या, वर चहा करू. या वेळी नीलाबाई हसल्या. आणि मग इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले, आणि ते पुसणं बराच वेळ चाललं. सेजल दूध पिऊन आजीच्या मांडीवर झोपली. साहिल पेटीला डोकं टेकून घोरायला लागला.

पाणी वळलं ते कुणालाच नेमकं दिसलं नाही. फक्त मघाशी वर गेलेलं, किंवा त्याच्यासारखंच दुसरं, एक पिवळं पान आता समुद्राकडे निघालं होतं. नीलाबाईंनी त्याच्यावरची नजर काढली नाही. पायवाटेच्या फळ्या उघड्या पडल्या. आडोशाचा उंबरा वर आला. बऱ्याच वेळाने प्रियदर्शिनी म्हणाली, आई, ऊन उतरायला लागलं, निघायचं का? नीलाबाई म्हणाल्या, "माझा दगड वर येऊ दे."

तो आला. आधी पाण्यावर एक वळ उमटला, काहीतरी खाली आहे एवढंच सांगणारा. मग एक ओला काळा ठिपका. मग टक्कल पडलेल्या डोक्यासारखा दगडाचा माथा, आणि मग हळूहळू सगळाच, जिथे ठेवला होता तिथेच, एक बोटभरही न हललेला. त्याच्यावर एक बारीक खेकडा बसला होता.

नीलाबाई जिना उतरल्या. सेजल जागी होऊन त्यांच्या कडेवर. धक्क्याच्या पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, साहिलने हात दिला, त्यांनी तो धरला. त्या दगडापाशी जाऊन उकिडव्या बसल्या आणि त्याच्यावर तळवा ठेवला. खेकडा पळाला. पाण्याची शेवटची पातळ झिरमिर दगडाला वळसा घालून खाली चालली होती. त्यांनी सेजलचे मोजे काढले, एक आणि मग दुसरा, ते कमरेला खोचले, आणि तिचे पाय त्या झिरमिरीत टेकवले.

सेजलने पायाकडे पाहिलं. बोटं वळवली. मग एक पाय उचलून जोरात आपटला आणि आजीच्या पांढऱ्या साडीवर चिखलाचे शिंतोडे उडाले.

"फोटो काढायचा तर काढ," नीलाबाई मागे न बघता म्हणाल्या. "नुसती उभी काय राहिलीस?"

घरी येऊन, सगळे झोपल्यावर तिने फोटो बघितले. पाखरांचे बहुतेक सगळे हललेले होते. आभाळ, अर्धा पंख, कठड्याचा कोपरा. दोनतीन मात्र असे आले होते की त्यात एकाच वेळी अर्धा थवा पांढरा होता आणि अर्धा तपकिरी. ते तिने ग्रुपवर टाकले. दगडाजवळचा कुठेच टाकला नाही. तो छापून घ्यायचा आणि दोन प्रती करायच्या, एक उमरठला माहेरी ठेवायची, उंचावर, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाची चावी फिरली आणि सेजलचा ओठ बाहेर आला. एका दिवसात कुठे काय जातं. प्रियदर्शिनी टॉवेल घेऊन दाराशी आली तर नीलाबाईंनी आज पाय पसरले नव्हते. त्यांनी घंगाळ पुढे ओढलं होतं, त्याच्या तळाशी पाय घासायची वजरी ठेवली होती आणि नातीला घंगाळात उभं करून एका हाताने काखेखाली धरलं होतं. दुसऱ्या हाताने त्या हळूहळू पाणी ओतत होत्या.

"चढलं चढलं चढलं," त्या सांगत होत्या. "बुडाली वजरी. थांब हां, बघ. आता वळंल."

आणि तिला जरा उचलून त्यांनी घंगाळ तिरकं केलं. पाणी मोरीभर झालं, वजरी वर आली. सेजलने आधी वजरीकडे पाहिलं, मग सवयीने आजीच्या चेहऱ्याकडे, नीट निरखून. मग ती खाली वाकली आणि रिकाम्या घंगाळावर दोन्ही हात आपटायला लागली, म्हणजे पुन्हा भर.